पाली घेऊन काय होणार?

(बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कारसभेत केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले)



सत्काराच्या सभेत पाहुण्याने काय बोलावे हे बहुधा ठरलेले असते. खूप शिका, मोठे व्हा, आईबापांचे पांग फेडा, असे चार शब्द बोलून मीही खाली बसणार होतो. परंतु सभा सुरू होण्यापूर्वी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझी मुलगी बी. ए. ला पाली आणि मराठी घेते म्हणते. टक्के चांगले आहेत, दुसरे काहीही मिळेल. तुमचे ती ऐकेल. पाली घेऊन काय होणार, एवढे तिला समजावून सांगा." मी त्यांना होय म्हटले आणि नेमके त्याच विषयावर बोललो. मी जे बोललो ते त्यांना अपेक्षित नव्हते. त्या दिवशी जे सांगितले, व घाईत जे राहून गेले, ते दोन्ही आता आपणांपुढे ठेवतो.

प्रथमच सांगतो की, या गृहस्थांच्या प्रश्नाला हसण्याचे यत्किंचितही कारण नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर होऊ घातला आहे, त्या घराला पदवीचा पोटापाण्याशी संबंध विचारण्याचा अधिकार आहे. साहित्याच्या आनंदावर व्याख्यान देणे ज्याच्या घरी धान्य भरलेले आहे त्याला सोपे असते. तेव्हा मी आनंदाच्या गोष्टी मागाहून सांगेन. आधी माझी स्वतःची कबुली ऐका.

मी शाळेत पाली घेतली ती गुणांसाठी. पालीत गुण भरपूर पडतात असे वर्गातील सर्वांनाच ठाऊक होते, आणि मला गुण हवे होते. बी. ए. ला ती पुन्हा घेतली ती बरीचशी सवयीने. आमच्या महाविद्यालयात पालीच्या वर्गाला आम्ही पाचजण होतो. ग्रंथालयाच्या मागची, जेथे मोडकी बाके ठेवीत, ती खोली आम्हांला मिळाली होती. शिक्षक तासिका तत्त्वावर होते. एका वर्षी त्यांची नेमणूकच दिवाळीपर्यंत झाली नाही, आणि ते चार महिने आम्ही पाचजण एकमेकांना धम्मपद वाचून दाखवीत बसलो. चारशे तेवीस गाथा आणि एक फाटका शब्दकोश! त्या चार महिन्यांत मी जितकी पाली शिकलो तितकी पुढे कधी शिकलो नाही, हे खरे असले तरी त्या नेमणुकीच्या दिरंगाईचे मी समर्थन करीत नाही. ज्या पोराला घरी कोणी विचारणारे नव्हते, ते त्याच काळात वर्ग सोडून गेले आणि पुन्हा आले नाही.

भाषा शिकण्याचा प्रश्न आपल्या समाजात कधीच निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला ते शिकवण्यास शिक्षकांनी नकार दिला, आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले व पुढे १९१२ साली बी. ए. च्या परीक्षेस बसले, त्या सर्व काळात त्यांची दुसरी भाषा फारशीच होती. ही गोष्ट आपण सभांतून पुष्कळदा ऐकतो आणि अन्यायाचे उदाहरण म्हणून सोडून देतो. परंतु तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना, संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणी मान्य केले आणि भाषांतरांच्या आधारे आपण या विषयाचा अधिकाराने विचार करू शकतो, असे तेथेच बजावले. ही कबुली एका वकिलाची आहे. प्रतिपक्ष जो आक्षेप घेणार तो आधीच दप्तरी नोंदवून ठेवायचा, ही वकिलीतील जुनी युक्ती आहे. पण विचार करा, ज्या मनुष्याने पुढे पालीचे व्याकरण आणि शब्दकोश स्वतः लिहावयास घेतला, त्याला ती कबुली लिहिताना काय वाटले असेल? तो शब्दकोश त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात तो प्रसिद्ध केला. जो ग्रंथ उघडून पाहावा असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, तो हाच. राज्यघटना, हिंदू कोड बिल, प्रकृतीच्या तक्रारी, हे सर्व सांभाळून हा मनुष्य धातूंची आणि नामांची रूपे लिहीत बसला होता.

मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपणांस ठाऊक आहेच. ते मराठीत होते. त्या काळी महाराष्ट्रात पाली जाणणारे किती होते? गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे घर सोडून निघाले ते याच शोधात. पुणे, काशी, नेपाळ, तेथून सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, अशी त्यांची पायपीट झाली. जी विद्या या भूमीत जन्मली ती शिकण्यासाठी या भूमीतल्या मनुष्याला समुद्र ओलांडावा लागला. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रातच राहून काम करावे म्हणून. कोसंबींनी कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी सोडून ते स्वीकारले. मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. याच सयाजीरावांनी महाविद्यालयीन भीमरावाला दरमहा पंचवीस रुपये दिले होते. एकाच तिजोरीतून एकाला पन्नास आणि दुसऱ्याला पंचवीस! त्या पंचाहत्तर रुपयांतून महाराष्ट्राने काय मिळवले याचा हिशेब कोणी लेखापाल करू शकेल, असे मला वाटत नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येतो. भाषांतरे उपलब्ध आहेत, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सर्व काही छापले गेले आहे. मग मूळ भाषा कशाला, असा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. याचे उत्तर मी एका शब्दावरून देतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मणकुळात जन्मलेले दोन भिक्षू भगवंतांकडे येऊन तक्रार करतात की, नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्षू बुद्धवचन बिघडवीत आहेत. तेव्हा ते छंदसात, म्हणजे वेदपठणाच्या धाटणीच्या संस्कृतात, बांधून ठेवण्याची परवानगी असावी. बुद्धांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया', स्वतःच्या भाषेत, शिकण्यास अनुज्ञा दिली. स्वतःच्या, म्हणजे कोणाच्या? पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष म्हणतात, बुद्धाच्या स्वतःच्या, अर्थात् मागधी भाषेत. एकोणिसाव्या शतकात विनयाचे इंग्रजी भाषांतर करणारे ऱ्हिस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग म्हणतात, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या बोलीत. पहिला अर्थ घेतला तर एका भाषेचे पावित्र्य प्रस्थापित होते. दुसरा घेतला तर पावित्र्याची कल्पनाच मोडून पडते आणि तुमच्याआमच्या आईची बोली धम्माची भाषा ठरते. एका सर्वनामवाचक शब्दाच्या अर्थावर केवढी इमारत उभी आहे! मला स्वतःला दुसरा अर्थ प्रसंगाशी अधिक सुसंगत वाटतो. कारण तक्रार नाना जातींच्या भिक्षूंविषयी होती आणि ती फेटाळली गेली. परंतु भाषांतर वाचणाऱ्याला असा वाद आहे हेच कळत नाही. त्याच्यापुढे निकालपत्र येते, पुरावा येत नाही.

माझ्या धंद्यात आम्ही दररोज हेच करतो. कायद्यातील 'किंवा' आणि 'आणि' यांवर माणसे तुरुंगात जातात किंवा सुटतात. पाली व्याकरणाने मला जर काही दिले असेल तर शब्दापाशी थांबण्याची सवय दिली. पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत आणि धर्मशास्त्राचा तो प्रचंड इतिहास लिहीत. १९६३ साली त्यांना भारतरत्न दिले गेले. भाषा आणि कायदा यांची अशी सोयरीक त्यांच्या समाजात शतकानुशतके होती. आपल्याकडे ती नुकती जुळू लागली आहे.

विनयपिटकाविषयी थोडे अधिक बोलण्याचा मोह मला आवरत नाही, आणि वाचकांनी तो सोसावा. विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षी फौजदारी कायद्यातील अपवाद शिकवले गेले तेव्हा मी चकित होऊन बसलो, कारण ही रचना मी पूर्वी पाहिली होती. भिक्षूंच्या पातिमोक्खात २२७ नियम आहेत. सुत्तविभंगात प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला याची हकीकत येते. मग नियमाचे शब्द. मग शब्दाशब्दाची व्याख्या. मग कमीअधिक दोषाचे प्रकार. आणि शेवटी 'अनापत्ति', म्हणजे कोणास दोष लागत नाही त्याची यादी. त्या यादीत 'उम्मत्तक' म्हणजे वेडा येतो. जुन्या दंडविधानातील कलम ८४ किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतील कलम २२ काढून पाहा. तत्त्व तेच आहे. त्याच यादीत 'आदिकम्मिक' येतो. ज्याच्या कृत्यामुळे नियम करावा लागला, तो पहिला मनुष्य या नियमाखाली दोषी नाही. कारण त्याने ते केले तेव्हा नियमच नव्हता. सुदिन्न नावाच्या भिक्षूच्या प्रकरणात हे प्रथम येते. आपल्या घटनेचे अनुच्छेद २०(१) याहून वेगळे काय सांगते?

तसेच शिक्षेचे. संघाने एखाद्या भिक्षूवर केलेली कारवाई केव्हा धर्मबाह्य ठरते हे चुल्लवग्गाने सांगून ठेवले आहे: ती त्याच्या गैरहजेरीत केली असेल तर, त्याला न विचारता केली असेल तर, त्याने दोष कबूल केला नसताना केली असेल तर. आज जो विभागीय चौकशीत नोकरी गमावतो आणि माझ्याकडे कागद घेऊन येतो, त्याच्या अर्जात मी यांपैकी पहिली दोन कारणे अजूनही लिहितो; फक्त त्यांना नैसर्गिक न्यायाची तत्त्वे म्हणतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघांना संसदीय कामकाजाचे सर्व नियम ठाऊक होते असे सांगितले, ते टाळ्यांसाठी नव्हते. प्रस्तावाला 'ञत्ति' म्हणत, गणसंख्या पुरी करणाऱ्यास 'गणपूरक', आसने मांडणाऱ्यास 'आसनपञ्ञापक', आणि शलाका वाटून मते घेणाऱ्यास 'सलाकगाहापक'. मते घेण्याचे प्रकारही तीन: गुप्त, उघड, आणि कानात सांगून. हे शब्द ज्याने मुळात वाचले आहेत त्याला त्या भाषणातील वाक्य केवळ अभिमानाचे राहत नाही, ते सिद्ध करून दाखवता येते. आणि हा विनय पहिल्या संगीतीत ज्याने सांगितला, असे परंपरा म्हणते, तो उपाली जन्माने नाभिक होता. कायदा मुखोद्गत असलेला मनुष्य नाभिक होता, आणि अर्हंतांची सभा त्याला विचारीत होती!

परंतु मी येथे एक सावधगिरीची सूचना देतो, नाहीतर मी एकतर्फी वकिली केली असे होईल. भिक्षुणींसाठी नियम ३११ आहेत, भिक्षूंसाठी २२७. शिवाय आठ गुरुधम्म आहेत, त्यांनुसार शंभर वर्षांची भिक्षुणीही आजच दीक्षित झालेल्या भिक्षूला वंदन करते. हे वाचून आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, हे समतेत कसे बसते?" शिक्षक गोंधळले. काही पंडित हे नियम नंतरचे मानतात. त्याची कारणेही भाषेच्या अभ्यासातूनच तपासावी लागतात. जी मुलगी पाली शिकेल, ती असले प्रश्न विचारील आणि त्यांची उत्तरे स्वतः शोधील. तिच्या हाती थेरीगाथा पडेल: त्र्याहत्तर थेरींची वचने, बायकांनी स्वतःविषयी बोललेली. त्यांत पुण्णिका आहे. दासीची मुलगी, थंडीत नदीवरून पाणी आणणारी. स्नानाने पाप धुतले जाते असे म्हणणाऱ्या ब्राह्मणाला ती बेडूक आणि कासवांचा दाखला देऊन निरुत्तर करते. माझ्या आजीने नळावरच्या भांडणांत वापरलेली तर्कपद्धती यापेक्षा फार निराळी नव्हती.

भाषा कठीण आहे काय? मराठी मुलाला नाही. मराठी पालीपासून निघाली असे काही उत्साही लोक म्हणतात. ते बरोबर नाही. मराठीचा वंश महाराष्ट्री प्राकृताचा आहे. परंतु पाली त्याच घराण्यातील वडीलधारी आहे. हत्थ म्हणजे हात, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ, सप्प म्हणजे साप, कम्म म्हणजे काम, भत्त म्हणजे भात. जोडाक्षर सुटते आणि मागचा स्वर लांबतो, एवढे ध्यानात आले की, निम्मा शब्दकोश घरातच सापडतो. द्विवचन नाही. स्वतंत्र लिपीही नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, रोमन, ज्या देशी जाईल तेथली ती लिपी घेते. आपल्याकडे ती देवनागरीत छापतात. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत १९५६ ते १९६१ या काळात बाहेर पडले.

आता पोटाचा प्रश्न, जो मी टाळणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले गेले. परंतु घटनेच्या आठव्या अनुसूचीत पाली अजून नाही. ती आता कोणाची मातृभाषा नाही, असे कारण सांगतात. संस्कृत मातृभाषा म्हणून नोंदवणारे २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात २४,८२१ होते, आणि संस्कृत अनुसूचीत १९५० पासून आहे. ती असावी, माझा विरोध नाही. पण मग बोलणाऱ्यांची संख्या ही कसोटी नव्हे, हे उघड झाले. अनुसूचीत नसण्याचा परिणाम कागदी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा ऐच्छिक विषय होता. २०१३ साली अरबी, फारशी आणि काही परदेशी भाषांबरोबर तोही काढून टाकण्यात आला. खेड्यातील ज्या मुलांनी त्याच विषयाच्या बळावर तयारी केली होती त्यांचे काय झाले असेल?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले. या विषयांची साधने व तज्ज्ञ भारतातच आहेत, असे कारण दिले गेले. ते पूर्णतः खोटे नाही. परंतु पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ साली इंग्लंडात निघाली. कोसंबींनी विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्ड गाठले. शिकागोसारख्या विद्यापीठात आजही पदवीपूर्व वर्गातील तरुण मराठी, तमिळ, बंगाली, संस्कृत, पाली यांतील भाषा घेऊन दक्षिण आशियाचे साहित्य हाच पदवीचा मुख्य विषय करू शकतात. आणि ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातील जाती हा होता. आजच्या सूचनांच्या चौकटीत तो विषय बसला असता काय, हे मी वाचकांवर सोपवतो. ज्याच्याजवळ बापाचा पैसा आहे त्याला परदेशी जाऊन आपल्या देशाचे ग्रंथ वाचण्यास मज्जाव नाही. मज्जाव फक्त शासनाच्या पैशावर जाणाऱ्याला आहे, आणि तो कोण असतो हे सांगावयास नको. शाळेच्या वर्गात संस्कृतला नाही म्हणणारा एक शिक्षक होता. आता ते काम एक परिपत्रक करते. याविरुद्ध निवेदने द्यावयाची, दाद मागावयाची, तर तो विषय जाणणारी माणसे आपल्यात आधी असावी लागतील.

म्हणून मी त्या मुलीला एवढाच व्यावहारिक सल्ला दिला. पाली घे, मराठी घे, पण इंग्रजी सोडू नकोस, कारण पालीवरील निम्मा अभ्यास इंग्रजीत आहे. संस्कृत शिकण्याची सोय असेल तर तेही शीक. ते नाकारले गेले होते म्हणून तर विशेषच शीक. प्राध्यापकी करायची झाल्यास नेट परीक्षेत पाली हा विषय आहे, परंतु कायम जागा फार थोड्या निघतात, त्या एका आशेवर बसू नकोस. बी. ए. नंतर वाटा पुष्कळ आहेत. मी त्यांतील एका वाटेने आलो.

सभा संपल्यावर ते गृहस्थ पुन्हा भेटले. चेहरा प्रसन्न नव्हता. मुलगी दोन पावले मागे उभी होती. त्यांनी माझ्या भाषणाविषयी एक शब्दही काढला नाही. चप्पल पायात सरकवीत त्यांनी विचारले, "बी. ए. नंतर वकिलीला किती वर्षे लागतात?"

"तीन," मी म्हटले.

त्यांनी मुलीकडे पाहिले. "आधीची तीन, आणि ही तीन," असे स्वतःशीच मोजत ते फाटकाकडे निघाले.